चोवीस शब्दांची चावी

डिसेंबरात भोपाळला ताईकडे गेलो होतो. गोव्याच्या माणसाला तिथली थंडी सोसवत नाही. सकाळी स्वेटरवर शाल पांघरून बसलो होतो, समोर पोहे-जिलेबीची बशी होती. (गोड आणि तिखट एकाच बशीत, हा तिथला रोजचा नाश्ता!) भाच्याने त्या बशीशेजारी एक छोटासा खोका आणून ठेवला.

"मामा, हे आज तुमच्यासमोरच सुरू करायचं आहे. आईपण बसणार आहे."

खोक्यात पेनड्राइव्हएवढं एक यंत्र होतं. हार्डवेअर वॉलेट. नाव ऐकूनच मी गप्प झालो. कारण तसंच एक यंत्र ताईच्या देवघराच्या खणात पडून आहे. ते भावोजींचं.

भावोजी भेलमध्ये इंजिनियर होते. निवृत्तीनंतर, २०१७ साली, सगळीकडे बिटकॉईनचा गाजावाजा चालू होता तेव्हा त्यांनी हौसेने थोडं घेतलं. किती, ते कुणालाच ठाऊक नाही. २०२१ च्या एप्रिलात कोविडने आठ दिवसांत गेले. काही सांगायला वेळच मिळाला नाही. विम्याचे कागद सापडले, बँकेची पुस्तकं सापडली, हे यंत्रही सापडलं. पण त्याचा पिन कुणाला माहीत नव्हता. भाच्याने आधी आईबाबांच्या लग्नाची तारीख घालून पाहिली, मग स्वतःची जन्मतारीख. दोन्ही चुकले. त्या यंत्राला तीनच संधी असतात. तिसरा पिन चुकला की ते स्वतःला पुसून टाकतं.

तुम्ही म्हणाल, मग ते कंपनीकडे घेऊन जायचं! इथेच खरी मेख आहे. पैसे त्या यंत्रात नसतातच मुळी. कुठलं नाणं कुणाचं याची खातेवही जगभरच्या हजारो संगणकांवर असते. यंत्रात असते ती फक्त सही करण्याची चावी आणि ती यंत्राबाहेर येत नाही. यंत्र प्रथम सुरू करताना ते चोवीस (काही यंत्रं बारा) इंग्रजी शब्द दाखवतं. हे शब्द म्हणजेच चावी. यंत्र हरवलं, फुटलं तरी नवं आणून तेच शब्द त्याच क्रमाने घातले की सगळं परत मिळतं. पण शब्दच गेले आणि यंत्रही उघडेना, तर वारसा दाखला घेऊन जाणार कुणाच्या दारात? तिथे ना मॅनेजर, ना कचेरी.

"मग कशाला हा उपद्व्याप? एक्स्चेंजवरच असू दे की," असं मी म्हणालो खरा, पण म्हणताना मलाच आपलं गोव्याचं सोनं आठवलं. पोर्तुगीज काळात कितीतरी घरांनी आपले दागिने बांकु नासियोनाल उल्त्रामारीनुमध्ये गहाण ठेवले होते. १९६१ साली मुक्तीच्या तोंडावर ते सोनं बोटीने लिस्बनला गेलं. परत यायला १९९० चं दशक उजाडलं. तोवर गहाण ठेवणाऱ्या कित्येकजणी देवाघरी गेल्या होत्या. पावती आपल्याकडे, सोनं दुसऱ्याच्या तिजोरीत! एक्स्चेंजचंही तसंच. चावी त्यांच्याकडे, आपल्याकडे नुसता आकडा. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या आपल्याकडच्या मोठ्या एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलर चोरीला गेले आणि लाखो लोकांचे पैसे अडकून पडले. भाच्याचे तिथे नव्हते, पण त्या दिवसापासून त्याला झोप नव्हती.

असो. खोका उघडला. यंत्र त्याने थेट बनवणाऱ्या कंपनीकडून मागवलं होतं, स्वस्तात मिळतं म्हणून कुणा भलत्याच विक्रेत्याकडून नाही. कुणी आधीच शब्द लिहिलेलं कार्ड आत घालून देत असेल, तर ते सरळ लबाडी समजायचं. शब्द यंत्राने आपल्यासमोरच तयार केले पाहिजेत. फसवणारे कुठल्या थराला जातात पाहा. २०२० मध्ये लेजर या फ्रेंच कंपनीच्या ग्राहकांची यादी फुटली, त्यात सुमारे पावणेतीन लाख लोकांचे पत्ते होते. पुढच्याच वर्षी त्यातल्या काहींच्या घरी पोस्टाने बनावट यंत्रं येऊ लागली, सोबत कंपनीच्या नावाचं पत्र!

मग पिन ठरवला. मग पडद्यावर एकेक शब्द येऊ लागला. भाच्याने फोन बाहेरच्या खोलीत ठेवला, लॅपटॉप मिटला आणि शाईच्या पेनाने लिहायला घेतलं. फोटो काढायचा नाही, ईमेलमध्ये ठेवायचे नाहीत, कुठल्याही वेबसाइटवर टाइप करायचे नाहीत. जो कुणी हे शब्द मागेल तो चोर, मग तो कंपनीचं नाव सांगो की आणखी कुणाचं.

हे शब्द एका ठरलेल्या यादीतले असतात. यादीत २०४८ शब्द, 'अबॅन्डन'पासून 'झू'पर्यंत. पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखता यावा अशी त्यांची निवड केलेली आहे. अशा याद्या जपानी, कोरियन, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, चेक आणि अगदी पोर्तुगीजमध्येही आहेत. मराठी, कोकणी, हिंदी मात्र त्यात नाहीत. पाठांतराच्या या देशात चावी पाठ करायची ती परक्या शब्दांत!

लिहून झाल्यावर भाच्याने थोडीशी रक्कम यंत्राच्या पत्त्यावर पाठवली. त्याआधी लॅपटॉपवरचा पत्ता आणि यंत्राच्या पडद्यावरचा पत्ता अक्षर अक्षर लावून पाहिला. "मामा, पडदा न वाचता बटण दाबणं म्हणजे कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही," तो म्हणाला. वझीरएक्सच्या प्रकरणात सह्या करणाऱ्यांकडे हार्डवेअर वॉलेट होती, असं कंपनीनेच नंतर सांगितलं. समोर दिसलं एक आणि सही झाली भलत्यावरच. यंत्र चांगलं असून भागत नाही.

रक्कम पोचली. आणि मग भाच्याने मुद्दाम चुकीचा पिन घातला.

ताई दचकली. "अरे, काय करतोस!"

एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. यंत्र पुसलं गेलं, नव्यासारखं कोरं झालं. खोलीत कुणीच बोललं नाही. मग त्याने कागद पुढे ओढला आणि चोवीस शब्द एकेक करून घातले. रक्कम पडद्यावर परत आली. कागदावर लिहिलेलं बरोबर आहे याची खात्री करायची ती अशी, आणि तीही मोठी रक्कम ठेवण्याआधी. ताई त्या कागदाकडे बघत राहिली. "एवढंच हवं होतं," ती म्हणाली.

कागद ठेवायचा कुठे? भाचा म्हणाला, बारा शब्द इथे, बारा गोव्याला. मी नको म्हटलं. एक अर्धा गेला की दुसराही फुकट. त्यापेक्षा दोन पूर्ण प्रती दोन ठिकाणी. आमच्याकडे पावसाळ्याची ओल आणि वाळवी, म्हणून गोव्याची प्रत स्टीलच्या पट्टीवर कोरून घ्यायची ठरली.

ताईच्या सासूबाईंनी एक चिठ्ठी शेवटपर्यंत स्टीलच्या डब्यात जपली होती. १९८४ च्या २-३ डिसेंबरच्या रात्री घर उघडं टाकून सगळी पळाली होती. सकाळी हमीदिया इस्पितळात डोळ्यांत औषध घातलं, तिथली ती चिठ्ठी. पुढे भरपाईचे दावे सुरू झाले, तेव्हा आपण त्या रात्री तिथे होतो याचा तोच पुरावा. त्या माउलीला अक्षरओळख नव्हती, पण डबा कुठे आहे हे तिने प्रत्येक सुनेला दाखवून ठेवलं होतं. तिच्या इंजिनियर मुलाला मात्र ते सुचलं नाही. भावोजींनी चोरापासून इतकं जपलं की ते घरच्यांच्याही हाती लागलं नाही.

म्हणून भाच्याने एक वेगळं पत्र लिहिलं. त्यात शब्द नाहीत. यंत्र काय आहे, प्रती कुठे आहेत, आपल्यामागे काय करायचं, कुणावर विश्वास ठेवायचा नाही आणि विकलं तर नफ्यावर ३० टक्के कर आहे, एवढंच. ते ताईला आणि सूनबाईला मोठ्याने वाचून दाखवलं.

या नाण्यांत पैसे घालावेत असं मी कुणाला सांगणार नाही. मला त्यातलं फारसं कळत नाही. पण गोवा एक्स्प्रेसमध्ये आतल्या खिशात ती पट्टी घेऊन बसलो होतो, तेव्हा मनात विचार आला, माझ्या स्वतःच्या लॉकरची चावी कुठे आहे हे घरात कुणाला ठाऊक आहे? वास्कोला उतरलो, घरी आलो आणि त्याच रात्री वहीचं एक पान लिहून बायकोला दाखवलं.

निघताना मी ताईला विचारलं होतं, भावोजींच्या यंत्रावर तिसरा पिन घालून बघायचा का?

"राहू दे," ती म्हणाली. "अजून एक संधी शिल्लक आहे, तेवढं पुरे."