पाझर

जुनी गाडी विकणारा एसीच्या बटणापाशी आला की त्याचं वाक्य ठरलेलं असतं: "एसी ओके आहे, फक्त गॅस भरून घ्या." या 'फक्त'चा मला राग येतो. गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, की जाळलं आणि संपलं. तो बंद नळ्यांतून गोल फिरत राहतो, वर्षानुवर्षं तोच. कमी झाला असेल तर कुठूनतरी गेलेला असतो, आणि ती वाट न शोधता नवा भरला तर तोही तिथूनच जाणार.

नागपुरात हे फार महागात पडतं. नवतपा लागला की पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, उन्हात उभ्या गाडीचं स्टिअरिंग धरवत नाही आणि काच खाली केली तर आत लू येते. मागच्या सीटवर म्हातारी आई बसलेली असेल तर एसीला चैन कोण म्हणेल?

गारव्याचं शास्त्र विदर्भात घरोघरी ठाऊक आहे. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातं. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्येही हेच चालतं: द्रवरूप गॅसची वाफ होते आणि वाफ होताना ती केबिनमधली उष्णता उचलते. फक्त ही वाफ हवेत सोडायची नसते. कॉम्प्रेसर तिला दाबतो, रेडिएटरपुढचा कंडेन्सर तिची उष्णता बाहेर टाकून तिचा पुन्हा द्रव करतो. माठाला पाझरावंच लागतं, एसीला पाझरून चालत नाही.

आमचे मिस्त्री म्हणूनच आधी गॅसच्या सिलिंडरकडे जात नाहीत. बॉनेट उघडून, टॉर्च धरून एकेक जोड बघतात. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, त्यामुळे गळती असेल तिथे ओल येते आणि तिच्यावर धूळ चिकटते. आम्ही घेतलेल्या गाडीत कंडेन्सरच्या खालच्या जोडाशी असा नखाएवढा काळा डाग होता. मिस्त्रींनी नळ्यांत नायट्रोजनचा दाब भरला आणि त्या जोडावर ब्रशने साबणाचं पाणी लावलं. बराच वेळ काही नाही. मग एक बुडबुडा सावकाश फुगला, फुटला, आणि तिथेच दुसरा फुगू लागला. "पाहा भाऊ, इथून चाललाय." आतली ओ-रिंग कडक होऊन चिरली होती. काही रुपयांची वस्तू.

यानंतरच्या कामात घाई करणारा कारागीर मला नको. नळ्या उघडल्या की हवेतली ओल आत शिरते. ती कॉइलमध्ये द्रव सोडणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकात गोठते, नाहीतर आतल्या आत आम्ल तयार होऊन धातू खाल्ला जातो. म्हणून ओल शोषणारा ड्रायर नवा बसवायचा आणि व्हॅक्यूम पंप लावायचा. पंप दाब इतका उतरवतो, की नळ्यांतलं पाणी आचेशिवाय उकळतं आणि वाफ होऊन निघून जातं. मग पंप बंद करून गेजकडे बघत बसायचं. सुई जागची हलली नाही, तरच गॅस. आणि तोही कंपनीने ठरवून दिलेल्या वजनाइतका, तोलून.

पूर्वीच्या गाड्यांच्या एसीत आर-१२ हा गॅस असे. असे वायू ओझोनचा थर नासवतात, हा इशारा मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दिला. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर आर-१२ हळूहळू हद्दपार झाला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट उष्णता धरून ठेवतो. छोट्या गाडीतला अर्धा किलो गॅस उडून गेला, तर ते ७०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं आहे. दर मार्चमध्ये भरायचा आणि पावसाळ्यापर्यंत उडवून द्यायचा, हे मला बघवत नाही. उन्हापासून वाचायला आपण त्याच उन्हात भर घालतो.

इंजिन सुरू करून बटण दाबलं, कॉम्प्रेसरचा क्लच टक्कन बसला. थोड्याच वेळात कॉइलकडून परत येणारी नळी घामेजली. मिस्त्रींनी सर्व्हिस व्हॉल्व्हची टोपणं घट्ट लावली आणि हात पुसता पुसता बजावलं, की थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी लावत जा. तेल फिरतं ते गॅससोबतच. पेट्रोल वाचवायला कोणी महिनोन्‌महिने एसी बंद ठेवला, की कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील कोरडं पडतं आणि गॅसला वाट मिळते. आता डिसेंबरातही, काचा धुक्याने भरल्या की मी एसी लावतो. काचाही लगेच स्वच्छ होतात.