पहिली ठिणगी कोणाची?

गेल्या पावसाळ्यांत दहावीच्या वर्गास आम्ही अणुशक्तीचा धडा शिकवीत होतों. न्यूट्रॉन नांवाचा कण युरेनियमच्या अणुगर्भावर आदळला म्हणजे तो अणुगर्भ दुभंगतो, त्यांतून आणखी दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात, ते दुसरे अणुगर्भ फोडतात आणि अशी साखळी चालूं राहते, असें आम्हीं मोठ्या ऐटींत सांगितलें. तोंच शेवटच्या बांकावरील एक विद्यार्थी उठून नम्रपणें म्हणाला, "सर, पण अगदीं पहिला न्यूट्रॉन कोठून आला?" "शास्त्रज्ञ तो बाहेरून सोडतात," असें आम्हीं तत्काळ ठोकून दिलें. मुलाचें समाधान झालें. आमचें मात्र झालें नाहीं.

त्या रात्रीं ग्रंथ उघडले, तेव्हां आपण अर्धेंच सत्य सांगितल्याचें कळून आलें. युरेनियमचे कांहीं अणुगर्भ कोणीं न फोडतां आपोआपच फुटतात, हें फ्ल्योरोव व पेत्रझाक ह्या सोव्हिएत शास्त्रज्ञांस १९४० सालीं आढळलें. एक किलो युरेनियमांत दर सेकंदास असे सुमारें सात अणुगर्भ फुटतात! २ डिसेंबर १९४२ रोजीं शिकागो येथें फर्मी ह्यांनीं पहिली अणुभट्टी चालविली, तेव्हां आरंभींचे न्यूट्रॉन ह्या आपोआप होणाऱ्या विखंडनांतूनच मिळाले. राखेखालीं निखारा होताच.

मग आज युरेनियमची खाण पेट कां घेत नाहीं? कारण पेटणें निराळें व पेटत राहणें निराळें. सुटलेले न्यूट्रॉन फार वेगवान असतात; पुष्कळ निसटून जातात, पुष्कळ युरेनियम-२३८ गिळून टाकतें. सहज फुटणारें युरेनियम-२३५ हजारांत अवघें सात भाग. फर्मींनीं रचलेल्या ग्राफाइटच्या विटा न्यूट्रॉनांची चाल मंद करीत, आणि मंद न्यूट्रॉनच ह्या २३५ ला सहज फोडतात. प्रत्येक विखंडनांतील सरासरी एक न्यूट्रॉन पुढील अणुगर्भ फोडील, तर साखळी टिकते. कमी पडला तर विझते. अधिक झाला तर वाढत जाते. हा हिशेब कॅडमियमच्या कांबी आंतबाहेर सरकवून राखीत. तो राखतां येतो, कारण शेंकडा एकाहूनही कमी न्यूट्रॉन कांहीं सेकंद उशिरानें सुटतात. तेवढा विलंब नसता, तर भट्टी आवरण्यास मनुष्याचा हात पुरला नसता. शिकागोची भट्टी अर्ध्या वॅटवर सुमारें २८ मिनिटें चालवून थांबविली गेली. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमावर तीच साखळी लगामावांचून सुटली, आणि एक नगर भस्म झालें.

दुसऱ्या दिवशीं वर्गांत जाऊन आम्हीं आपली चूक कबूल केली. कधीं कधीं बाहेरूनही न्यूट्रॉन पुरवितात हें खरें. पण त्यावांचूनही आरंभ होतो, हें सांगितलें. मुलें हंसतील असें वाटलें होतें; कोणी हंसलें नाहीं. उलट त्या विद्यार्थ्यानें दुसरा प्रश्न विचारला. ह्या खेपेस उत्तर देण्यापूर्वीं आम्ही थोडे थांबलों. निर्मात्यानें अणूच्या पोटांतही जो विलंब राखून ठेविला आहे, तो शिक्षकाच्या जिभेस कां नसावा?