पळणारं क्रियापद

रात्रीचे अकरा वाजलेत, लेकीची इंग्रजीची वही अजून समोरच आहे. ‘रन’ म्हणजे पळणे, हे पहिलीत मीच तिला घोकून घेतलं होतं. आज तिच्या धड्यात नाक ‘रन’ होतंय, नदीही, आणि भिजवलेल्या सदऱ्याचा रंगसुद्धा. आपल्याकडे नाक वाहतं, रंग जातो. पळत कोणीच नाही.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद ‘सेट’ची होती. पुढे ‘रन’ने तिला गाठलं, क्रियापदाचेच ६४५ अर्थ! पीटर गिलिव्हर हे संपादक त्या एका शब्दापाशी नऊ महिने बसले होते. तेवढ्यात बाळंतपण होतं.

मला खरी गंमत वाटली निवडणुकीची. अमेरिकेत उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’. आपलाही उभाच राहतो. पळतो तो निकालानंतर, दुसऱ्या पक्षात.

“त्यापेक्षा मराठी सोपं,” लेक म्हणाली. मी म्हटलं, ‘लागणे’ घे. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, आंबा गोड लागतो, आणि समोरच्या वाड्यातली ती आपली आत्या लागते…

“पुरे बाबा, मला झोप यायला लागलीय.”