माल की सामान?

नौपाड्यातली आमची जुनी इमारत पाडून नवी बांधायचे ठरले आणि घरोघरचे माळे रिकामे होऊ लागले. पाळणा, तांब्याचा बंब, आजोबांची ट्रंक... भाड्याच्या दोन खोल्यांत हे मावायचे कुठे? जवळच कुणी सामान ठेवण्यासाठी भाड्याच्या खोल्या बांधू म्हणतो. त्याबद्दल बोलायला उद्या आम्ही चौघे महापालिकेच्या शहर विकास विभागात जाणार. म्हणून २०२० सालची विकास नियंत्रण नियमावली घेऊन बसलो आहे. (१८६३ सालच्या आमच्या नगरपालिकेची १९८२ साली महापालिका झाली, नियमही तसेच बाळसे धरत गेले!) साहेब विचारणार, "म्हणजे गोदामच ना?" हो म्हणावे, तर मालमोटारी, आग, अरुंद गल्ली हे सारे आलेच, आणि ते भय खोटे नाही. शेजारच्या काकू मात्र म्हणाल्या, "अहो, माझ्या मुलांचा पाळणा म्हणजे का माल?" तो प्रश्न मी अर्जात पहिला घातला आहे. त्याखाली आमच्याच दोन अटी : मालमोटारी गल्लीत नकोत, अग्निशमन दलाचा दाखला आधी हवा.