ना घरचा, ना रानाचा

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात कॅलगरी शहरातून पश्चिमेला निघाले की तासाभराच्या आत रॉकी पर्वताच्या पायथ्याचा चढउताराचा मुलूख लागतो. इथे कॉक्रेन गावाजवळ १६० एकरांवर यामनस्का वुल्फडॉग सँक्चुअरी आहे. २०११ साली सुरू झालेली ही संस्था लांडगा आणि कुत्रा यांच्या संकरातून जन्मलेल्या, मालकांनी नाकारलेल्या जनावरांना आसरा देते.

ही जनावरे इथवर येतात ती बहुधा एकाच वाटेने. पिल्लू गोजिरवाणे दिसते म्हणून हौसेने विकत घेतले जाते. दोनेक वर्षांत ते वयात येते आणि त्याच्यातला लांडगा जागा होतो. ते सोफा फाडते, कुंपणाखाली खणते, भिंतीवरून उडी मारते. राखणीलाही त्याचा उपयोग नसतो, कारण अनोळखी माणूस दिसला की ते भुंकण्याऐवजी लपते. मग गळ्यात साखळी पडते. अनेकांना शेवटी इंजेक्शन देऊन मारले जाते.

त्याला जंगलात का सोडत नाहीत? कारण कळपात राहून शिकार करायला ते शिकलेले नसते, माणसाच्या वस्तीची त्याला सवय झालेली असते आणि रानटी लांडग्यांत मिसळले तर त्यांचा वंशही भेसळतो. म्हणून उंच जाळीच्या आतले आयुष्य हाच त्याच्यापुढचा बरा मार्ग.

नवे जनावर घाबरलेले असते. सांभाळणारी माणसे त्याच्यावर हात टाकायला जात नाहीत. शांत बसून ते आपणहून जवळ येण्याची वाट पाहतात. त्यात महिनेही जातात. लांडग्याला एकटेपण सोसत नाही, म्हणून स्वभाव जुळणारा सोबती पाहून जोडी लावली जाते. जेवणात कच्चे मांस असते. एकाने गळा काढला की सगळ्या आवारातून साद येते.

तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची हदीस आपल्या घरातल्या लहानग्यांनाही ठाऊक असते. पण पाणी पाजणे एका दिवसाचे असते. इथली जबाबदारी दहा-बारा वर्षांची, कधी त्याहूनही जास्त.

हा प्रश्न आपल्यापासून फार दूर नाही. पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचा जनुकीय पुरावा २०२३ साली प्रसिद्ध झाला. तिथे कोणी हौसेने पैदास केलेली नाही. माळराने आक्रसत आहेत आणि उघड्यावर टाकलेल्या कचऱ्यावर, मांसाच्या अवशेषांवर भटकी कुत्री वाढत आहेत. दोघे एकाच उकिरड्यावर भेटतात. त्यांच्यामार्फत कुत्र्यांचे रोगही लांडग्यांपर्यंत पोहोचतात.

यात आपल्या हातातले काम साधे आहे. कुर्बानीनंतरचे अवशेष असोत की कोंबडीच्या दुकानातली घाण, ती माळावर फेकायची नाही. खोल पुरायची किंवा नगरपालिकेच्या गाडीत द्यायची. आणि मोबाइलवरची चित्रफीत पाहून मुलांनी लांडग्यासारख्या पिल्लाचा हट्ट धरला, तर त्यांना यामनस्काची ही हकीकत सांगायची.