राजूरचा गोलरक्षक

पाऊस लागला म्हणजे आम्हांस राजूरचें तें चिखलाचें मैदान आठवतें. 1911 सालीं आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यांत, अकरांपैकीं दहा गडी अनवाणी असतां, मोहनबागाननें ईस्ट यॉर्कशायर पलटणीस 2-1 असें हरविलें, ही कथा सांगून आम्ही आमच्या बूट नसलेल्या कॉलेज-संघास धीर देत असूं. पण फुटबॉलचा हंगाम आणि भाताच्या आवणीचा हंगाम एकच! शेवटच्या सामन्यास गोलरक्षक आलाच नाहीं. आम्ही हरलों, आणि दुसऱ्या दिवशीं त्यास चारचौघांत टोचून बोललों. तो मान खालीं घालून उभा राहिला. पुढें त्याच्या घरीं गेलों तेव्हां कळलें: वडील अंथरुणास खिळलेले, खाचरांत एकटी आई. त्या दिवशीं त्यानें घरचें वर्षाचें अन्न राखलें होतें. आम्ही मात्र गोल मोजीत बसलों होतों.