अडीच टनी पाहुणा

जुना लष्करी ट्रक विकत घेणं सोपं असतं हो. तो घरी आणणं हा खरा प्रकल्प!

तर झालं असं, की नेवाडातल्या विनेमकाला एका गृहस्थांकडे एम-३५ए२ मिळाला. आमचं घर सॅक्रामेंटोला, म्हणजे सुमारे ३०० मैल. अमेरिकन लोक याला 'ड्यूस अँड अ हाफ' म्हणतात. अडीच टन हा कच्च्या रस्त्यावरचा भार. पक्क्या रस्त्यावर पाच टन चालतात. दहा चाकं, २४ व्होल्टचं वायरिंग, पॉवर स्टीअरिंग नाही, आणि कमाल वेग ताशी ५६ मैल. इंजिन मल्टिफ्यूएल. म्हणजे डिझेल, विमानाचं इंधन, वेळ पडली तर पेट्रोलसुद्धा पितं. त्यातलं ज्वलनाचं तंत्र जर्मनीच्या 'मान' कंपनीचं, हे वाचलं आणि माझे कान टवकारले. जबलपूरला बनायचा तो आपला शक्तिमान ट्रकही 'मान'च्याच परवान्यावरचा, आणि अण्णांनी फौजेत बावीस वर्षं तोच चालवला. तुम्ही विचाराल, सॉफ्टवेअरवाल्याला ट्रक कशाला? याला.

पण माझी झोप उडवली ती ब्रेकनं. हवेचा दाब पायाला मदत करतो, पुढचं काम ब्रेक ऑइलचं. सहा ड्रम, आणि तेलाचं सर्किट मात्र एकच. एक नळी फुटली की सहाच्या सहा गेले. आमच्या धंद्यात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात आणि असलं डिझाइन कुणी रिव्ह्यूला आणलं तर आम्ही त्याला सोडत नाही. तेलाचीही गंमत आहे. १९८०च्या दशकात अमेरिकन लष्करानं जुनं तेल सोडून सिलिकोनचं घेतलं, आणि ही दोन्ही एकमेकांत मिसळायची नसतात. आत कुठलं आहे ते पाहिल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

नियम ठरवले. ताशी ४५ मैल, मागे मित्राची पिकअप दिवे लुकलुकवत, आणि दर ४० मैलांना थांबून सगळ्या हबना हात लावायचा. एखादा इतरांपेक्षा गरम लागला तर ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग चाललंय. केबिनमध्ये आवाज एवढा, की बोलणं खुणांनीच. लव्हलॉकच्या पुढे हम्बोल्ट नदी वाळवंटात जिरते, समुद्राला मिळतच नाही. त्या वेगानं जाताना नकाशातल्या अशा गोष्टी नीट बघता येतात.

रीनोला संध्याकाळी पोचलो. हब सगळे गार. पण मागच्या एका टायरची आतली बाजू ओली. व्हील सिलिंडर झिरपत होतं. थेंबच, फार नाही. पुढे डॉनर खिंड: ७,२०० फुटांवर चढायचं आणि मग नव्वदेक मैलांत जवळजवळ समुद्रसपाटीला उतरायचं.

मित्र म्हणाला, "तेल भरत भरत जाऊ." माझंही मन तिकडेच ओढत होतं. ट्रक स्वतः चालवत दारात उभा करीन, असं अण्णांना सांगून बसलो होतो ना!

त्यांना फोन लावला. तिकडे सकाळ होती.

"अण्णा, तुम्ही घाट कसा उतरायचा?"

"ज्या गिअरात चढलो, त्याच गिअरात. पण ते ब्रेक धड असले तर. तुझे आहेत का?"

"एक झिरपतोय."

"मग विचारतोस काय? आमच्यात गाडी बंद पडली की रिकव्हरीची गाडी यायची, ओढून न्यायची. त्यात लाज कसली? खाली दुसऱ्याची पोरंबाळं असतात रस्त्यावर."

सकाळी लोबॉय ट्रेलर मागवला. भाडं ऐकून पोटात गोळा आला, पण ड्यूस घाट उतरला तो दुसऱ्याच्या पाठीवर, साखळ्यांनी बांधलेला. सिस्टिम ओळखीची नसेल तर तिच्यावर सगळ्यात मोठा लोड टाकून बघायचा नाही, हे ऑफिसात मीच सगळ्यांना सांगत असतो.

सध्या सहाही सिलिंडरं आणि सगळ्या रबरी नळ्या बदलायचं काम चालू आहे. अण्णा दर रविवारी विचारतात, "कितवं चाक?"

चौथं. असो, हात धुऊन येतो.